खारूताईचे अकरा तारे

मी एक जुना हजेरीफळा आहे, मित्रांनो. जुना म्हणजे इतका, की माझ्यावरचे कापड हिरवे की राखाडी, यावर चर्चमध्ये दोन मते आहेत. सध्या माझा मुक्काम अडगळीच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांच्या मागे असतो. तक्रार करत नाही. थकलो आहे, एवढेच.

एका सुताराने मला घडवले. व्यासपीठाचे काम आटोपल्यावर प्लायवुडचा एक तुकडा उरला होता. त्याने तो घासला, वर कापड ताणून बसवले, चौकट ठोकली आणि पाळकसाहेबांना म्हणाला, "फुकटचा आहे, पण पक्का आहे. पोरांच्या टाचण्या सहज पचवेल." बावीस वर्षे मी त्या पचवल्या. डाव्या बाजूला मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या, वर रविवारच्या तारखा आणि जो येईल त्याच्या चौकोनात सोनेरी कागदाचा एक तारा. वर्ग सुटला की मुले टाचा उंचावून आपापले तारे बघत. पाहुणे आले की पाळकसाहेब त्यांना आधी माझ्यासमोर उभे करत. मी भाव खात असे, खोटे कशाला बोलू?

मग नर्सबाई आल्या. त्या दवाखान्यात नोकरी करत आणि रविवारी सुजलेल्या पायांनी मुलांना शिकवायला येत. त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. उपासनेला काही मुले नुसती आईबरोबर येतात, काही नुसती वडिलांबरोबर, आणि आईवडिलांसाठी प्रार्थना सुरू झाली की नेमकी हीच मुले वाकून बुटांच्या नाड्या बांधू लागतात. बाईंच्या काळजाला ते लागले. त्यांनी अशा मुलांसाठी उपासनेनंतरचा एक तास मागून घेतला. त्या तासाला एक गोष्ट, एक गाणे, एक वचन आणि पोटभर बिस्किटे असत. घराबद्दल कुणी काही विचारायचे नाही, पण मुलाने आपण होऊन सांगितले तर हातातले काम टाकून ऐकायचे, असा बाईंचा नियम होता.

त्यांनी मलाही त्या वर्गाच्या खोलीत नेऊन टांगले. पाळकसाहेबांना म्हणाल्या, "घर हललंय हो यांचं. निदान रविवार तरी हलू नये."

हेतू सोन्यासारखा होता. तरी चूक झाली ती तिथेच, आणि त्या चुकीत मी पुरता भागीदार होतो.

त्या वर्गात आठ वर्षांची एक मुलगी होती. दोन्ही हातांत बिस्किट धरून पुढच्या दातांनी कुरतडायची, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. तिचे आईवडील वेगळे झाले होते. ती आईजवळ राहायची. वडील दोन तासांवरच्या गावी गॅरेजमध्ये काम करत. कोर्टाने ठरवून दिले होते की एक शनिवार-रविवार आईचा, पुढचा वडिलांचा. त्यामुळे माझ्यावरची तिची ओळ एक तारा, एक रिकामा चौकोन, पुन्हा तारा, पुन्हा रिकामा चौकोन, अशी दिसे. पडलेल्या दातांसारखी, असे एक मुलगा म्हणाला आणि सगळे हसले. खारूताईही हसली, पण त्या दिवशी तिने बिस्किट घेतले नाही.

बाई दर रविवारी तारा लावताना एकच वाक्य म्हणायच्या, "देवबाप तुमची वाट बघत असतो हं." त्यांनी ते लाडाने म्हटले. लेकराने ते हिशेबाने ऐकले. आपण आलो नाही, म्हणजे देवबाप वाट बघून बघून परत गेला. एक बाप घरातून गेला होताच. दुसऱ्याला तिला घालवायचे नव्हते.

मग वडिलांचा शनिवार आला की तिचे पोट दुखू लागले. कधी डोके. आई फोनवर सांगे, "तिलाच यायचं नाहीये, मी काय करू?" आईने तिला अडवले नव्हते, पण तिला मनातून थोडे बरेही वाटत असावे. माणूसच ती. इकडे माझ्यावर खारूताईची ओळ भरत गेली. अकराव्या रविवारी बाईंनी तिला पुढे बोलावले. "सलग अकरा रविवार! बघा रे, शिका काहीतरी!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. खारूताईचा चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा होता. मी काही तो वाचला नाही. माझे लक्ष माझ्या चकाकण्याकडे होते.

त्याच दिवशी, मुले अंगणात खेळायला गेल्यावर, एक माणूस दारात येऊन उभा राहिला. शर्ट इस्त्रीचा होता, पण नखांत काळे तेल मुरलेले होते. काखेत एक पिशवी होती.

"मी तिचा बाबा," तो म्हणाला. "भांडायला नाही आलो, बाई. दोन महिने झाले, पोर माझ्याकडे येत नाही. तिची आई म्हणते तिलाच यायचं नाही. माझं काय चुकलं, तेवढं कळलं तर बरं होईल. इथे ती बोलते असं ऐकलं."

त्याची नजर माझ्याकडे गेली. तो जवळ आला, त्याने लेकीच्या नावाची चिठ्ठी शोधली आणि एकेका ताऱ्यावर बोट ठेवले.

"हा माझा रविवार," तो म्हणाला. "हाही माझा. आणि हा. हा पण." त्याच्या वाट्याच्या पाचव्या ताऱ्यावर त्याचे बोट थांबले.

मित्रांनो, बावीस वर्षांत इतक्या टाचण्या अंगात शिरल्या, पण त्या बोटाइतके काही दुखले नाही. बाईंनी खारूताईला अंगणातून आत बोलावले.

ती वडिलांना बघून दारातच थबकली. बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. सुजलेल्या पायांना ते सोपे नव्हते.

"माझं चुकलं, बाळा," त्या म्हणाल्या. "तारा लावताना तुझे बाबा माझ्या लक्षातच आले नाहीत."

खारूताईने खाली बघितले. मग हळूच विचारले, "मी बाबांकडे गेले, तर देवबाप रागावेल?"

"अजिबात नाही."

"पण तो इथे वाट बघतो ना?"

"अगं, तू तिकडे गेलीस की तो तिकडेच असतो. तुझ्या आधी पोचतो. त्याला का कोर्टाच्या तारखा आहेत?"

तिने वडिलांकडे पाहिले. त्यांनी पिशवीतून चपला काढल्या. दोन महिन्यांपूर्वी घेऊन ठेवलेल्या. तिने पाय घातले, तर टाचा मागे बाहेर राहिल्या.

"लहान झाल्या," ती म्हणाली.

"दुसऱ्या घेऊ," वडील म्हणाले.

"कधी?"

"तू येशील तेव्हा."

"शनिवारी?"

त्यांनी नुसती मान हलवली आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

पुढच्या शनिवारी खारूताईचे पोट दुखले नाही. रविवारी तिचा चौकोन रिकामा राहिला. त्याच्या पुढच्या रविवारी तीही आल्यावर बाईंनी एकेक करून माझ्यावरच्या टाचण्या काढल्या, साऱ्यांचे तारे साऱ्यांना वाटून टाकले आणि मला खाली उतरवले. मला राग आला नाही. खरे सांगायचे तर सुटल्यासारखे वाटले.

आता माझ्याकडे कुणी बघत नाही, आणि मीही कुणाला मोजत नाही. पण एक विनंती आहे. तुमच्यात एखादे मूल एक रविवार येत असेल आणि एक रविवार नसेल, तर "का आला नाहीस?" असे त्याला विचारू नका. तुमच्याकडे नसते, तेव्हा ते दुसऱ्या कुणाकडे तरी आलेले असते. आणि तिथेही कुणीतरी सकाळपासून दारात उभे असते.