वाळूच्या बेटावरचं काम

त्या उन्हाळ्यात जॉर्डन-इस्रायल सीमेवरच्या यार्मुक नदीच्या मधोमध वाळूचं बेट वाढलं आणि पाणी जवळजवळ सगळं इस्रायलच्या काठाकडे वळलं. जॉर्डनच्या कालव्यात जेमतेम घोटाभर उरलं. खोऱ्यातल्या टोमॅटोंनी माना टाकल्या. कालव्याचे इंजिनिअर औदे कावार यांना अम्मानहून निरोप आला, की संयुक्त राष्ट्रांचे एक अधिकारी बैठक घेताहेत, जाऊन बोला.

औदे वैतागूनच निघाले. असले निळ्या टोपीवाले त्यांनी खूप पाहिले होते. यायचं, कॉफी प्यायची, अहवाल लिहायचा.

ते अधिकारी, फिनलंडचे मेजर लेह्तो, नदीकाठी कण्हेरीच्या सावलीत घडीचं टेबल मांडून बसले होते. समोर इस्रायलचे इंजिनिअर नईम शाशा. दोघांनी आपापले नकाशे पसरले. दोन्ही नकाशांत बेट ज्याचं त्याचं!

"बेट आमचं, हे आधी लिहा," औदे म्हणाले.

"लिहा की. मग मी उठतो," नईम अस्सल इराकी अरबीत म्हणाले.

"तुम्ही बगदादचे?"

"जन्म तिथला. कॉफी तुमच्यापेक्षा बरी करतो."

"कॉफी राहू द्या, पाणी सोडा!"

तीन तास असेच गेले. मग लेह्तोंनी दोन्ही नकाशे गुंडाळले आणि जीपमध्ये ठेवून आले.

"बेट कुणाचं ते तुमची सरकारं ठरवतील. दहा वर्षं लागोत, नाहीतर पन्नास. टोमॅटो किती दिवस तग धरतील?"

"आठ," औदे म्हणाले.

"मग पाण्याचंच बोलू."

संध्याकाळपर्यंत एवढंच ठरलं: वाळू काढायची, पाणी निम्मंनिम्मं. यंत्र आणायला दोन्ही सैन्यांची मनाई, म्हणून काम हातानं.

सकाळी दोन्हीकडचे बारा-बारा मजूर पाण्यात उतरले. दोन्ही टेकड्यांवरून बंदुका रोखलेल्या. दहाच्या सुमारास कुणाचंतरी फावडं दगडावर खणकन आपटलं, आणि वर दोन्हीकडे खटाखट बंदुकांचे घोडे चढवले गेले. सगळे पाण्यात आडवे झाले. औदेसुद्धा.

उभे राहिले फक्त लेह्तो. पन्नाशी उलटलेला तो माणूस बुटांत पाणी भरलेलं असताना सावकाश बेटावर चढला, पडलेलं फावडं उचललं आणि वाळू उपसू लागला. एक फावडं, दोन, तीन. वर पाहिलंसुद्धा नाही.

"उठा हो, म्हातारा एकटाच राबतोय," नईम पुटपुटले आणि निघाले. औदे त्यांच्यामागे. मग मजूर.

संध्याकाळी औदे-नईम दोघांनी एकाच काठीनं पाणी मोजलं.

"तुमच्याकडे चार बोटं कमी आहे," नईम आपणहून म्हणाले. "उद्या अजून काढू."

पाचव्या दिवशी पाणी कालव्याच्या टोकाला पोचलं. तिथली काही रोपं जळून गेली होती, बाकीची वाचली. बेटाचा निकाल मात्र लागला नाही. दर उन्हाळ्यात ते पुन्हा भरायचं आणि औदे-नईम पुन्हा तिथे भेटायचे.

लेह्तोंची बदली झाली तेव्हा औदे सीमेवरच्या पुलापर्यंत त्यांना पोचवायला गेले. त्यांनी लेह्तोंचा हात हातात घेतला, आणि बराच वेळ सोडला नाही.