शेवाळाचं तेल आणि महाराजांची पळी

अख्खी प्रयोगशाळा कामं सोडून एका पातेल्याभोवती जमली होती. शेवाळाच्या गरम हिरव्या पाण्यात आमच्या साहेबांनी बोलावलेल्या महाराजांनी पितळी पळी फिरवली, डोळे मिटून गुणगुणले, आणि पाण्यावर सोनेरी तेल तरंगू लागलं.

"ना रसायन, ना यंत्र," महाराज म्हणाले. "शेवाळ प्रेमानं देतं. तुम्ही लोक त्याला छळता, मग ते रुसतं."

टोमणा मलाच होता. सूक्ष्म शेवाळातली मेदाम्लं, म्हणजे तेलच, विषारी द्रावकाविना काढायची म्हणून मी दोन वर्षं डोकं फोडत होते. यंत्रातून ध्वनिलहरी सोडून पेशी फोडायच्या, साध्या अल्कोहोलात तेल उतरवायचं. सावकाश व्हायचं, पण व्हायचं.

"तुमचं यंत्र उद्यापासून बंद," साहेब मला म्हणाले. "मी तर रक्तदाबाची गोळीही सोडली. रोज चमचाभर हेच तेल. डोकं जरा जड असतं, पण महाराज म्हणतात, विकार बाहेर पडतोय."

मी बोलले असते तर माझ्या पोटात दुखतंय असंच सगळे म्हणाले असते.

महाराज जेवायला गेले आणि पळी पातेल्यातच विसरले. काचसामान धुणाऱ्या मावशींनी ती पातेल्यासकट उचलली. थोड्या वेळानं त्यांनी मला मोरीपाशी बोलावलं.

"ताई, तुमच्या तेलाची भांडी घासली की माझी नखं हिरवी होतात, वास दोन दिवस जात नाही. या पातेल्याला नुसतं खोबरेल लागलंय. आणि ही पळी हलवून बघा."

पळीच्या पोटात पाणी वाजलं. दांडा पोकळ होता. खालच्या भोकातून हिरवं पाणी ठिबकत होतं आणि कडेला मेण चिकटलं होतं. मावशी माझ्याकडे बघून हसल्या.

सकाळी महाराज पळी शोधत होते. मावशींनी अदबीनं लाकडी डाव पुढे केला. "हा घ्या. तेल शेवाळ देतं, पळी थोडीच देते?"

महाराज तासभर गुणगुणले. तेलाचा थेंब नाही.

"आज शेवाळ नाराज आहे," ते म्हणाले.

"मग नळाला विचारते," म्हणत मावशींनी नळाचं पाणी गरम केलं, पदराआडून पितळी पळी काढली आणि अंगाई म्हणत ती पाण्यात फिरवली. सोनेरी तेल वर आलं.

"रात्री खोबरेल भरलं, मेणानं भोक बुजवलं. गरम पाण्यात मेण वितळतं. एवढंच," त्या म्हणाल्या.

गर्दी साहेबांकडे वळली, तेवढ्यात महाराज मागच्या दारानं सटकले. साहेब जड डोकं धरून खाली बसले. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि त्यांना दोन दिवस घरी सोडलं नाही. माझं यंत्र पुन्हा सुरू झालं.

तुम्हालाही कुणी असा चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी पळी आपली द्या, पाणी आपलं द्या, आणि मग पुन्हा करायला सांगा. खरी गोष्ट कुणाच्याही हातून होते.