सत्तावीस चुलींची ढेप

मी एक जुनी लोखंडाची ढेप आहे, मित्रांनो. चीनच्या हुनान प्रांतातल्या एका कुलूपबंद घरात, थंड चुलीवर बसून असते. जेवणाच्या वेळी माझ्या आतून टकटक ऐकू आली तर घाबरू नका. माझ्यात सत्तावीस घरांची भांडी आहेत आणि त्यांना भुकेच्या वेळा अजून कळतात.

पूर्वी मी नुसती कढई होते, रुईझेनला तिच्या माहेरच्यांनी लग्नात दिलेली. डुकराची चरबी चोळून चोळून तिने मला आरशासारखी केली होती. एकदा माझा कान तडकला, तेव्हा फिरता लोहार गाठून तिने त्यावर तीन खिळे ठोकून घेतले. तिची सासू म्हणायची, "या घरात सगळ्यात जास्त नखरे या कढईचे!" ते ऐकून मला फार बरे वाटे.

मग १९५८ साली वरून हुकूम आला. देशाने एका वर्षात दुप्पट पोलाद काढायचे. घरोघरच्या चुली बंद, जेवण सगळ्यांनी गावच्या खानावळीत, आणि घरात लोखंड म्हणून जे असेल ते भट्टीत. रुईझेनचा नवरा धरणाच्या कामावर गेला तो परतलाच नव्हता. गावाचा तुकडीप्रमुख होता तिचा धाकटा दीर बाओगेन.

"वहिनी, कढई द्या."

"ती तर कधीच गेली की, भावोजी. तुमच्याच भट्टीत. ओळखू आली नाही होय?"

"थट्टा नका करू. आकडा भरला नाही तर मला सगळ्यांसमोर हात बांधून उभं करतील."

रुईझेनने मला सासूच्या शवपेटीत लपवले होते. साठी उलटल्यावर सासूने ती स्वतःसाठी करून घेतली होती आणि दरवर्षी तिला काळ्या रोगणाचा एक हात देत असे. जिवंत माणसाची पेटी उघडायला कोणी धजत नाही, म्हणून रुईझेन निर्धास्त होती. भट्टीला लाकूडही लागते, हे काही तिच्या ध्यानात आले नाही.

डोंगरावरची झाडे संपली आणि बाओगेन पेटी न्यायला आला. म्हातारी पेटीवर चढून बसली.

"ने, पण माझ्यासकट ने. तेवढीच तुझी एक खेप वाचेल."

त्याने आईला अलगद उचलले. जमीन गार लागू नये म्हणून आधी खाली गोधडी पसरली आणि तिच्यावर तिला बसवले. मग पेटीचे झाकण काढले, तर आत मी. पेटीसकट त्याने मलाही भट्टीवर नेले.

माझ्याखाली तीच पेटी जळली. रोगणाचा उग्र धूर निघाला. शेजाऱ्यांच्या कढया, कड्या, विळे माझ्यात मिसळले, आणि त्या धुराबरोबर म्हातारीचा आवाजही माझ्यात शिरला. ती तर तेव्हा घरी जिवंत बसली होती! तेव्हापासून मला माझीच भीती वाटते.

लाल कागदी फूल लावून, ढोल वाजवत आम्हा ढेपांना तालुक्याला नेले. शाबासकी मिळाली. महिन्याभरात कळले की हे लोखंड इतके ठिसूळ आहे की त्याचा साधा खिळाही होणार नाही. मग आम्हाला परत आणून गावच्या नदीकाठी टाकून दिले.

पुढच्या हिवाळ्यात धान्य संपून खानावळ बंद पडली. म्हातारी गेली, तिला चटईत गुंडाळून पुरले. रुईझेनची चार वर्षांची मुलगी शाओमान अंथरुणाला खिळली. तिचे पाय सुजले होते, डोळे उघडत नव्हते. एका दुपारी बाओगेन मूठभर तांदूळ घेऊन आला.

"माझ्या वाटणीचे आहेत. पोरीला पेज करून घाला."

"कशात करू, भावोजी?"

घरातली मडकी खानावळीत जाऊन फुटली होती. बाओगेनने तांदूळ तिच्या ओंजळीत ओतले. मग नदीवर आला आणि एकेक ढेप उलथून पाहू लागला. माझ्या कानाचा तुकडा नीट वितळलाच नव्हता, ते तीन खिळे अजून बाहेर डोकावत होते. त्याने मला पाठीवर घेतले. वाटेत तीनदा खाली बसला.

माझ्या पाठीवर ओंजळभर खळगा आहे. रुईझेनने त्यात दोन-दोन घास पेज शिजवली. तिसऱ्या खेपेला शाओमानने डोळे उघडले.

"आई, चुलीतून आजी बोलतेय."

"काय म्हणतेय गं?"

"विचारतेय, धाकट्यानं खाल्लं का?"

बाओगेन दारातच होता.

"सांग तिला," तो म्हणाला, "खाल्लं म्हणावं."

आठ दिवसांनी तो शेताच्या बांधावर मरून पडलेला सापडला. शाओमान जगली, मोठी झाली, रुईझेन वारल्यावर शहरात राहायला गेली. म्हातारी मात्र माझ्यातच आहे. रोज जेवणवेळी टकटक करते आणि तेच विचारते.

मित्रांनो, तुमच्या घरची कढई घासूनपुसून, तेलाचा हात देऊन ठेवा. ढोल वाजवत कोणी ती मागायला आला, तर 'तुझ्या आईला कशात शिजवून घालशील?' एवढे त्याला विचारा. आणि कधी या दारावरून जाताना तुम्हाला तो प्रश्न ऐकू आला, तर पळू नका. खाल्लं म्हणून सांगा.