गार लागलं म्हणजे आत शिरलं

मला एक सांगा, अंगाला खाज सुटली की तुम्ही विश्वास कोणावर ठेवता? डॉक्टरांवर, शेजारणीवर, की दुकानदारावर? दुकानदारावर ठेवत असाल तर जरा टेका, माझं ऐकून जा. मी निर्धास्त मलमाची डबी बोलतेय. कपाटात झाकण लावून बसलेली सोवळी डबी नव्हे. गल्ल्याशेजारी उघडी ठेवलेली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर चोळली जाणारी, नमुन्याची डबी.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. मोठ्या पातेल्यात मेण वितळवलं, त्यात तेल, कापूर, पुदिन्याचा अर्क आणि डोळ्यांत भरेल असा हिरवा रंग. झालं मलम! लेबल छापताना मात्र पंचाईत आली. खरूज, नायटा, भाजणं, कापणं एवढं लिहूनही कागद उरला.

छापखानेवाला म्हणाला, "साहेब, एवढी जागा कोरी सोडायची?"

कारखानदार आपला दुखरा गुडघा चोळत म्हणाले, "गुडघे घाला."

"अजून एक ओळ बसेल."

"मग सर्दी, डोकेदुखी घाला. आणि शेवटी इत्यादी."

त्या इत्यादीच्या जोरावर मी जगात आले. त्यात न बसणारा आजार अजून मला तरी भेटलेला नाही.

माझे मालक किराणा दुकानदार. गिऱ्हाइकं त्यांना काका म्हणतात, घरात त्यांचं नाव 'अहो'. जिभेवर साखर आणि नजर पारखी. गिऱ्हाईक मान खाजवताना दिसलं की काकांचं उजवं बोट माझ्यात बुडालंच. ते त्याच्या मनगटावर चोळायचं, क्षणभर थांबायचं आणि विचारायचं, "गार लागलं?"

"लागलं की!"

"लागलं म्हणजे आत शिरलं."

आता पुदिना दगडालाही गार लागेल. पण एवढं ऐकून माणूस हसत हसत माझी एक बहीण पिशवीत टाकून न्यायचा. कोपऱ्यावरच्या शिंप्याची सर्दी आपल्या पायांनी आली होती आणि आपल्याच पायांनी निघून गेली. तरी तो भर दुकानात ओरडून सांगून गेला, "काका, तुमच्या डबीनं कमाल केली!" मी काय म्हणणार? गप्प बसून फुगत राहिले.

आणि मग एक दिवस काकांच्याच बोटाला खाज सुटली.

दुकानामागेच घर. मधल्या पडद्याआडून काकू बाहेर आल्या आणि त्यांनी हात धरून बोट उजेडात नेलं. लालभडक, कातडी सोललेली.

"अहो, हे काय झालंय?"

"काही नाही गं, उष्णता."

"एकाच बोटात?"

 घरचं औषध हाताशी असताना चिंता कसली, म्हणून काकांनी सकाळ-संध्याकाळ मलाच त्या बोटावर थापायला सुरुवात केली. बोट आणखी चिडलं. काका आणखी थापू लागले. मध्ये काही दिवस दोघं सासुरवाडीला गेले, मी दुकानातच राहिले. काका परत आले ते खडखडीत बरं बोट नाचवत.

"बघ, तिकडचं पाणी मानवलं मला!"

नुसते बोलून थांबले नाहीत. येताना सासऱ्यांच्या विहिरीच्या पाण्याचा कॅन भरून आणला होता. रोज त्या पाण्यानं बोट धुवायचे, पुसायचे आणि ते माझ्यात बुडवून गिऱ्हाइकं करायचे. आठवडा संपायच्या आत बोट पुन्हा लाल!

"कॅनमध्ये पाणी शिळं झालं असेल," काका म्हणाले.

काकूंनी कपाळाला हात लावला. "असं करा. उद्यापासून लोकांना डाव्या करंगळीनं लावा."

"लोक हसतील."

"हसू देत. लावा तर खरं."

काकांनी लावलं. उजवं बोट हळूहळू निवलं आणि डावी करंगळी पेटली.  दोन्ही बोटं काकूंनी शेजारी शेजारी धरली, मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे तसं कोणी पाहिलं नव्हतं.

"माझी कातडी नाजूक असेल," काका पुटपुटले. "लोकांना गुण येतोच ना?"

त्याच आठवड्यात माझ्या बहिणींची नवी खोकी येऊन पडली होती. ती छतापर्यंत रचलेली होती आणि काकांची नजर पुन्हापुन्हा तिकडेच जात होती.

दुसऱ्या दिवशी शिंप्याची सून आली. कडेवर तान्हं बाळ, दोन्ही गाल रखरखीत लाल. "काका, मामंजींना तुमच्या मलमानं किती पटकन बरं वाटलं होतं. बाळाच्या गालाला लावाल का थोडं? रात्रभर रडतंय हो."

सवयीनं काकांचं बोट माझ्यात बुडालं. वर आलं. बाळाच्या गालाजवळ गेलं. बाळानं तोंड फिरवून ते बोट मुठीत पकडलं आणि खाऊ समजून तोंडाकडे ओढलं. पडदा हलला. काकू तिथं उभ्या होत्या.

काकांनी झटक्यानं बोट सोडवून घेतलं. "थांब, थांब! बाळाची मूठ पूस आधी. हे लावायचं नाही. सरळ डॉक्टरांकडे ने."

"पण लेबलावर तर लहानथोरांसाठी लिहिलंय!"

"वाचलंय मी ते. आता हेही वाच." काकांनी दोन्ही हात तिच्यापुढे धरले.

सून दचकली. मग तिचा आवाज चढला. "अहो, मग इतकी वर्षं विकलंत कसं? माणसं बरी झाली म्हणून सांगत होतात ना?"

"झाली ती सांगायला आली, पोरी."

"आणि बाकीची?"

 रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाकडे काकांची नजर गेली. तिथं गर्दी होती, आणि त्यात आपली जुनी गिऱ्हाइकंही होती. "बाकीची," ते हळूच म्हणाले, "तिकडे उभी असतील."

सून बाळाला घेऊन लगबगीनं निघून गेली. काकूंनी ओल्या फडक्यानं काकांचं बोट पुसलं. काकांनी खोकी परत न्यायला बोलावलेला कारखान्याचा विक्रेता म्हणाला, "काका, बोटांचं काय एवढं, हातमोजे घाला की!" काकांनी त्याला चहा पाजला आणि खोकी त्याच्या डोक्यावर चढवून दिली.

मला मात्र ठेवून घेतलं. हल्ली मला दुकानाच्या शटरला लावतात. शटरला सर्दी झाल्यासारखा वास येतो, पण त्याची करकर थांबली. माझा हा गुण मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय, इत्यादीची गरज पडली नाही.

माझ्यावर राग धरू नका. एवढीच विनंती आहे: उद्या कोणी तुमच्यासमोर बरे झालेल्यांची यादी वाचू लागला, तर मान डोलवण्याआधी जे परत आलेच नाहीत तेही मोजा. हिशेब प्रामाणिक ठेवा, मग डबी खुशाल कोणाचीही घ्या.