प्राजक्ताच्या चेहऱ्यावरचं तेज

हैदराबादेत कुकटपल्लीच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, मागची माणसं टेबल टेनिसच्या टेबलावर चढून बसली. सगळी शिकलीसवरलेली. बऱ्याच जणांच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं, ऑफिसातून थेट आलेली. आणि सगळ्यांचे डोळे पुढच्या पाटावर, जिथं वेदनाहर स्वामी पांढरंशुभ्र रेशीम नेसून, कानाला माइक लावून बसले होते.

स्वामींचं बोलणं म्हणजे हिंदी, तेलुगू आणि इंग्रजीची भेळ. आपल्या भाषेत सांगायचं तर असं: "शरीर म्हणजे काय? स्पंदन. दुखणं म्हणजे काय? बिघडलेलं स्पंदन. तुमचा कॉम्प्युटर अडकला तर तुम्ही काय करता? रीस्टार्ट करता. मी तुमचं शरीर रीस्टार्ट करतो." यावर टाळ्यांचा कडकडाट. ज्यांची हयात कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात गेली, तेही टाळ्या पिटत होते.

मग स्वामींनी माझ्या मैत्रिणीला, प्राजक्ताला, पुढं बोलावलं. तिच्या पाठीवर पिवळंधमक कापड पसरलं. शेजारच्या चांदीच्या वाटीत तीर्थ होतं, नितळ पाण्यासारखं. त्यात अंगठा बुडवला, डोळे मिटले आणि तिच्या मानेखाली, दोन्ही खांद्यांवर, कमरेशी अंगठा टेकवत गेले. जिथं अंगठा टेकला, तिथं पिवळं कापड रक्तासारखं लाल झालं. तिचं जिथं जिथं दुखायचं, नेमकं तिथंच!

"नोप्पी पोयिंदा?" स्वामींनी विचारलं. दुखणं गेलं का?

"पोयिंदी, स्वामी," प्राजक्ता म्हणाली, आणि सगळा हॉल तिच्यामागून तेच म्हणायला लागला.

मी तिसऱ्या रांगेत कमरेमागं शालीची घडी लावून बसले होते आणि जळत होते. उदबत्तीसारखी नाही, चांगली भडाभडा जळत होते. मला स्वामींच्या चमत्काराचं काही पडलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की ही बाई मांडी घालून ताठ बसली आहे, हसते आहे, हिच्या चेहऱ्यावर टवटवी आली आहे. आणि मी आहे तिथंच आहे.

आता ही प्राजक्ता कोण, ते सांगते. मी स्वप्ना, मूळची परभणीची, आता काचीगुड्यात राहते. स्टेशनजवळ विम्याच्या एका लहान ऑफिसात कारकून आहे. प्राजक्ता पुण्याची, नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागं इकडं आलेली. आमची गाठ पडली ती हिमायतनगरला, डॉ. प्रियदर्शिनींच्या दवाखान्यातल्या बाकावर. दोघींना एकच आजार, फायब्रोमायल्जिया. नाव तोंडात बसायलाच महिना जातो. अंगभर दुखतं, झोपून उठलं तरी रात्रभर पोती उचलल्यासारखं वाटतं, डोक्यात धुकं भरतं, बोलता बोलता शब्द हरवतो. आणि रिपोर्ट? सगळे नॉर्मल. त्यामुळं घरच्यांना वाटतं, बाई नाटकं करते. माझा नवरा बुद्धभूषण चांगला माणूस, पण तोही एकदा म्हणून गेला होता की रिपोर्टात काही नाही तर मनावर घेऊ नकोस.

असं न म्हणणारं अख्ख्या हैदराबादेत एकच माणूस मला भेटलं होतं, ते म्हणजे प्राजक्ता. रोज सकाळी तिचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकच प्रश्न: "आज कुठं?" मी म्हणायची, खांदा. ती म्हणायची, माझे गुडघे. मग फोन कानाला लावून मी गच्चीवर आणि ती तिच्या सोसायटीत, थोडं थोडं चालायचो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं एकमेकींकडून करून घ्यायचो. गरम पाण्यानं अंघोळ, झोपायची वेळ ठरलेली, आणि बरं वाटलं त्या दिवशी अख्खं घर आवरायला काढायचं नाही, नाहीतर पुढचे दिवस अंथरुणात जातात. मी कणीक मळून अर्ध्यावर थांबायला तिच्याकडून शिकले. पाहुण्यांना "नक्को, आज जमत नाही" म्हणायला ती माझ्याकडून शिकली. आजार जात नव्हता, पण त्याच्यासोबत राहता येत होतं.

आणि मग, त्या कार्यक्रमाच्या काही महिने आधी, तिला स्वामी भेटले. दुखणं गेलं आणि तिचा फोनही गेला. कुणाला विचारणार, आज कुठं? मला सांगा, जळू नको तर काय करू?

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर प्राजक्ता माझ्याकडं आली. तिच्या पाठीवरचं पिवळं कापड प्रसाद म्हणून माझ्या हातात दिलं आणि सोबत एक पुडी. स्वामींचं 'स्पंदनभस्म', ती इतके महिने घेत होती तेच, सकाळी मधातून घ्यायचं. "माझ्यातलं देते, तू पण घे गं," म्हणाली. किती प्रेमानं म्हणाली! मला ते प्रेम चाबकासारखं लागलं. हिला मिळालं आणि आता ही मला वाटत सुटली.

घरी येऊन मी पुडी उघडली, मध काढला, चमचा ओठांपर्यंत नेला. का नाही घेतलं? विवेकबुद्धी जागी झाली असं सांगितलं तर शोभून दिसेल, पण खोटं कशाला बोलू. तिचं उष्टं नशीब मला नको होतं, म्हणून ठेवून दिलं.

कापडावर मात्र राग काढला. मोरीत नेऊन साबणाच्या वडीनं खसाखसा घासलं. आणि बघते तर काय, अख्खं कापड लालभडक! मी मोरीच्या कट्ट्यावर बसून हसत सुटले. हळद! कापड हळदीत बुडवून वाळवलेलं. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो, हे कुठल्या बाईला माहीत नसतं? साबणानं होतं तेच चुन्यानं होतं. वाटीतलं तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी, दिसायला पाणीच. आणि दुखऱ्या जागा? आम्हा सगळ्यांची मान, खांदे, कंबरच धरते. त्यात अंतर्ज्ञान कसलं!

लगेच प्राजक्ताला फोन लावला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कापड खोटं असेल, स्वप्ना. पण माझं दुखायचं थांबलं ते खोटं आहे का?"

मी फोन ठेवला. कारण ते खोटं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिच्या मुलीचा, शर्वरीचा, वाढदिवस होता. सगळ्या बायका प्राजक्ताभोवती जमलेल्या. काय तेज आलंय, गाल कसे भरलेत, दहा वर्षांनी लहान दिसतेस. तिचा नवरा उदय कौतुकानं सांगत होता की ही आता रात्र रात्र जागून ओटा घासते, हिला थकवा म्हणून नाही, आणि भूक तर अशी की आम्हाला चोरून खावं लागतं. सगळे हसले. मी हसले नाही. मी कोपऱ्यात बसून तिला टक लावून बघत होते, जळकी बाई बघते तसं. कुठंतरी काहीतरी कमी असलंच पाहिजे, एवढीच माझी इच्छा.

आणि दिसायला लागलं. गाल भरले होते, पण हात तसेच काटकुळे. चेहरा चंद्रासारखा गोल. हनुवटीवर बारीक लव. केक द्यायला हात पुढं केला तेव्हा बांगडी मागं सरकली आणि मनगटाच्या वर निळे-जांभळे डाग. कुठं लागलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आठवत नाही गं." मग सगळ्यांसोबत खाली फोटोला बसली आणि उठताना तिला उठता येईना. उदयचा हात धरून, मांडीवर दुसरा हात रेटून उठली आणि हसण्यावारी नेलं. मला आधी बरं वाटलं. कबूल करते, बरं वाटलं. मग मोबाइल काढून तिचे फोटो घेतले.

दुसऱ्या दिवशी पुडी, प्राजक्ताचा एक जुना फोटो आणि वाढदिवसाचे फोटो घेऊन मी हिमायतनगरला गेले. डॉ. प्रियदर्शिनींनी आधी जुना फोटो पाहिला, मग नवा, आणि चष्मा काढून ठेवला.

"हे तेज नाही, सूज आहे," त्या म्हणाल्या. "पुडीत बहुतेक स्टेरॉइड कुटून घातलंय, आणि जोडीला जबर वेदनाशामक. एकानं अंगात हुशारी येते, भूक लागते, झोप उडते. दुसऱ्यानं दुखणं दबतं. आजार तिथंच राहतो. स्नायू झिजतात, कातडी पातळ होते, साखर चढते."

पुडी त्यांनी तपासायला पाठवली. काही दिवसांनी निकाल आला, तोच. मी म्हटलं, आजच सांगते तिला, फेकून दे म्हणून. तशा त्या एकदम ताठ बसल्या.

"अजिबात नाही. इतके महिने बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं. एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. तिला माझ्याकडं आणा, हळूहळू कमी करू."

आणि इकडं स्वामींचा निरोपाचा कार्यक्रम रविवारी ठरलेला. त्यांचा मुक्काम दुसऱ्या शहरात हलणार होता. त्या दिवशी बरे झालेले साधक उरलेल्या पुड्या परत करणार आणि औषधाविना मौन-उपवासाला बसणार. पहिला मान प्राजक्ताचा. मी किती फोन केले, तिनं उचलले नाहीत. उदयला सांगितलं, तर तो म्हणाला, "स्वप्नाताई, तुम्हाला त्रास होतोय हे मी समजू शकतो." त्याला काय समजलं होतं ते कळलं मला: मी जळते.

रविवारी पर्समध्ये साबणाची वडी आणि ओला रुमाल घेऊन गेले. स्वामींनी नव्या रुग्णांना हाक दिली तशी मी हात वर केला आणि पुढं जाऊन पाटासमोरच्या माइकपाशी बसले. माझ्या पाठीवर घालायला त्यांनी कापड उचललं, ते मीच त्यांच्या हातातून घेतलं, ओल्या रुमालावर वडी घासली आणि कापडावर फिरवली. लाल पट्टा उमटला. मी कापड सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि म्हटलं, ही माझी कपड्याची वडी, हिलाही सिद्धी प्राप्त झालेली दिसते. मागून एक बाई म्हणाली, "अरे, हा तर हळदीचा डाग!" आणि हशा पिकला.

स्वामी डगमगले नाहीत. अविश्वासी हातात शक्ती उलटी फिरते, म्हणाले. मग मी पुडीचं सांगितलं, त्यात काय निघालं ते आणि एकदम थांबवलं तर काय होईल ते. कुणीतरी माझ्यासमोरचा माइक काढून घेतला. पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलेली प्राजक्ता रडवेल्या आवाजात म्हणाली, "तू जळतेस माझ्यावर. पहिल्यापासून जळतेस."

"हो, जळते," मी म्हटलं. आता माइकची गरज नव्हती. "जळते म्हणून तर तुझ्याकडं एवढं बघितलं. बाकीच्यांनी कौतुकानं बघितलं, त्यांना तेज दिसलं. मला डाग दिसले. मी खोटी असेन तर हात न टेकता उठून दाखव."

ती उठायला गेली. अर्ध्यावर मांड्या थरथरल्या आणि ती खाली बसली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बसली. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, पण मला एवढासाही आनंद झाला नाही. मी जाऊन तिच्याशेजारी सतरंजीवर बसले आणि मग मलाही उठता येईना. शेवटी उदयनं एकेक करून दोघींना उठवलं. तोपर्यंत पाट रिकामा झाला होता आणि स्वामींना घेऊन लिफ्ट खाली चालली होती.

सोसायटीनं पोलिसात तक्रार दिली. प्राजक्ताची साखर भलतीच चढलेली निघाली. डॉक्टरांनी पुडीऐवजी स्टेरॉइडची मोजून गोळी दिली आणि ती हळूहळू उतरवत आणली, त्याला बरेच महिने लागले. चेहरा ओसरला, तेज गेलं, दुखणं परत आलं. ती माझ्याशी बोलत नव्हती. मी तिचं बरं होणं हिरावून घेतलं होतं ना, तिच्या जागी मीही बोलले नसते.

मग एका सकाळी मी गच्चीवर असताना फोन वाजला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आज कुठं?"

"मान," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. "तुझं?"

"सगळंच. चल, चालूया."

आता आम्ही परत चालतो. या महिन्यात तिची झोप माझ्यापेक्षा चांगली आहे, आणि हो, त्यावरही मी जळते. पण आता विचारते, काय केलंस गं? ती म्हणते, फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवते. मग मीही ठेवते. आमच्याकडं आशा अशीच येते, थोडी थोडी, आणि तिचं कारण सांगता येतं.

तेवढंच तुम्हालाही सांगायचं आहे. दुखणारा माणूस मूर्ख नसतो, तो थकलेला असतो. त्याच्या थकव्यावर दुकान मांडणारा कुणी भेटला तर दोनच गोष्टी विचारा: पुडीत काय आहे, आणि हे डॉक्टरला दाखवू का? उत्तराऐवजी स्पंदन मिळालं तर तिथून उठा. आणि मैत्रिणीच्या चेहऱ्यावर अचानक तेज आलं तर जळा खुशाल. पण जळताना नीट बघा, आणि जे दिसेल ते तिला सांगा.