मिस्त्रींच्या नावचं पत्र

दादानं आईला ती भानगड तीनदा समजावली आणि तिन्ही वेळा आईनं एकच विचारलं, "म्हणजे घेतलं की नाही घेतलं?"

"अगं, अर्ज आत्ता करायचा. निवडही आत्ताच. मग दोन-तीन वर्षं कुठंतरी नोकरी करायची आणि नंतर शिकायला जायचं. तोवर जागा माझ्या नावानं राखून ठेवतात."

"हे बरंय. मुलगी पसंत, लग्न तीन वर्षांनी. तोवर त्यांचं मन फिरलं तर?"

"नाही फिरत."

"आणि तुझं फिरलं तर?"

दादा हसला. तेव्हा तो पटकन हसायचा.

त्याचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. ही राखीव जागेची सोय शेवटच्या वर्षातल्या पोरांसाठीच असते. एकदा पास होऊन बाहेर पडलं की ते दार बंद. मग मोठमोठ्या कंपन्यांतल्या लोकांच्या रांगेत उभं राहायचं, आणि त्या रांगेत आमच्यासारख्याचा नंबर कधी लागणार, हे दादा आम्हाला भिंतीकडे बघत सांगायचा. त्यानं दोन बिझनेस स्कूल निवडली होती, दोन्ही परदेशातली. परीक्षा दिली, मार्क चांगले पडले. निबंध लिहिले. निबंध लिहिताना तो शर्टाची कॉलर चावायचा. आईनं दोन कॉलरी उलटून शिवल्या.

राहिली दोन शिफारसपत्रं. एक कॉलेजमधल्या सरांचं आणि एक ज्याच्या हाताखाली काम केलंय अशा माणसाचं. दादानं आयुष्यात एकाच माणसाच्या हाताखाली काम केलं होतं, आमच्या मिस्त्रींच्या. कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांच्या सुट्ट्यांत तो त्यांच्या दुकानात बसायचा.

दुकान म्हणजे मोटर रिवाइंडिंगचं. जळलेल्या मोटरी येतात, पंपाच्या, पंख्यांच्या, गिरणीच्या. काळ्या पडलेल्या कॉइली उपटून काढायच्या, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश करून भट्टीत सुकवायची. नववीत मी सरांच्या टेबलावर दप्तर आपटून घरी आले ती परत गेलेच नाही. तेव्हापासून तिथंच आहे. तार भरण्यात मिस्त्रींनंतर माझा हात. हे मी नाही, गिऱ्हाइकं म्हणतात.

प्रोजेक्टच्या सरांनी दादाला सांगितलं, "मला वेळ नाही रे. तूच लिहून आण, मी वाचून सही करतो." त्याच्या वर्गातल्या सगळ्यांना त्यांनी तेच सांगितलं होतं. मग दादानं स्वतःचीच स्तुती स्वतः लिहिली आणि मला फोनवर पाठवली, "ठिणगे, दुकानाशेजारी प्रिंट काढून ठेव." ठिणगी म्हणजे मी.

मी प्रिंट काढली आणि वाचली. इंग्रजी मला सावकाश येतं, पण येतं. मोटरीवरच्या पट्ट्या, कंपन्यांची पुस्तकं, सगळं इंग्रजीतच असतं. शब्द अडला की फोनला विचारायचा. पत्रात एक वाक्य फारच भारी होतं. अडचण दारात येईल म्हणून हा मुलगा थांबत नाही, तोच तिला शोधत जातो, असं काहीतरी. मी संध्याकाळभर त्याला चिडवलं. "दादा, पाणी गेलंय, जा शोधून आण अडचण." तोही हसत होता.

मिस्त्रींच्या पत्राची लिंक मिस्त्रींच्या मेलवर आली. मिस्त्रींची मेल म्हणजे मीच. त्यांना फोन कानाला लावता येतो, बाकी सगळं मी बघते. दोन दिवसांनी दादानं त्या पत्राचाही मजकूर पाठवला. "नुसता चिकटव आणि पाठव. मिस्त्रींना डोक्याला ताप नको."

दुपारी भट्टी गार होईपर्यंत रिकामा वेळ असतो. तेव्हा वाचलं.

दुकानात म्हणे मोटरींची सरमिसळ व्हायची. एकाची मोटर दुसऱ्याला जायची. या मुलानं ते हेरलं आणि भिंतीवर एक फळा केला. लाल चिठ्ठी म्हणजे खोललेली मोटर, पिवळी म्हणजे तार भरलेली, हिरवी म्हणजे तपासून तयार. त्या दिवसापासून एक मोटर चुकली नाही.

तो फळा माझा. त्याचे खिळे मी ठोकलेत. एक अंगठ्यावर बसला, नख गेलं होतं.

पुढे आणखी होतं. दुकानात एक शाळा सोडलेली, तापट मुलगी कामाला होती, ती गिऱ्हाइकांशी भांडायची. या मुलानं तिला न रागावता, धीरानं शिकवलं. आज ती जबाबदारीनं काम करते.

मी घरी गेले ती चपलांसकट आत गेले.

"कोण रे ही तापट मुलगी?"

दादानं लॅपटॉपवरून मान वर केली. "ओरडू नकोस. आई आत्ताच आडवी झालीय."

"फळा तू केलास?"

"अगं, हे असंच लिहितात. सगळे लिहितात. त्यांना पुढारीपण दाखवायला लागतं. मी तिथं काय केलं, पावत्या फाडल्या. ते लिहू? तुझं कुठं काय बिघडलं? तुझं नाव कुठंय त्यात?"

"तेच तर म्हणतेय. नाव कुठंय?"

त्यानं डोळे चोळले. आठ-दहा दिवसांत तो नीट झोपला नव्हता, ते दिसत होतं. "माझे आई, एवढं कर. हे एकदाच आहे. तुला त्या फळ्याचा काय उपयोग? मला आहे."

आतून आई म्हणाली, "देऊन टाक गं त्याला काय हवंय ते." तिला वाटलं, चार्जरवरून चाललंय.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींनाच विचारलं. फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि म्हटलं, "दादाबद्दल सांगा. बाहेरच्या कॉलेजला कळवायचंय. त्यांनी विचारलंय, तुम्ही त्याला कधी बोललात आणि मग त्यानं काय केलं."

मिस्त्री ब्रशनं वार्निश लावत होते. "बोललो की. त्या गिरणीवाल्याची मोटर त्यानं उलटी जोडली होती. उलटी फिरली. मी चारचौघांत झापला. म्हटलं, कॉलेजात काय माशा मारतोस का? जेवला नाही त्या दिवशी."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आधी गिरणीवर जाऊन बसला होता. माफी मागितली, जोडणी नीट केली, आणि गिरणी चालू झाल्यावर तासभर तिथंच थांबला, परत काही होतंय का बघत. मला सांगितलंसुद्धा नाही. गिरणीवाल्यानं सांगितलं." त्यांनी ब्रश डब्यावर निथळला. "हाताला जड आहे तो, पोरी. तुझ्यासारखा हात नाही त्याला. पण चुकलं की पळत नाही. एवढं लिही."

मी ते दोनदा ऐकलं. झापल्याचं मला माहीत होतं, हे पुढचं नव्हतं. दादानं घरी कधी सांगितलं नव्हतं, आणि निबंधातही लिहिलं नव्हतं. त्याला ते लिहिण्यासारखं वाटलंच नसणार.

मुदत त्याच दिवशी दुपारी संपत होती. मी स्टुलावर बसून फॉर्म उघडला. एकीकडे दादाचा मजकूर, दुसरीकडे मिस्त्रींचं बोलणं. वाटलं, मिस्त्रींचंच लिहावं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना. तरी दादाचं पत्र शेवटचं म्हणून पुन्हा वाचायला घेतलं. काल त्या तापट मुलीपाशीच थांबले होते; आता शेवटाला ते वाक्य आलं. अडचण दारात येईल म्हणून हा मुलगा थांबत नाही.

तेच. सरांच्या पत्रातलं. पुढचं वाक्यही तेच. तारेचे वेढे मोजून मोजून माझ्या डोळ्यांना खोड लागलीय, एकसारखं काही असलं की लगेच खुपतं. फॉर्मखाली चौकोन होता: हे पत्र मी स्वतः लिहिलं आहे, दुसऱ्या कोणी लिहिलेलं नाही. त्यावर खूण करायची होती.

दादाला एक फोन केला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. "येड्या, दोन्हीकडे एकच वाक्य टाकलंयस." एवढंच म्हणायचं होतं.

माझा राग भडकतो आणि विझतो, सगळ्यांना माहीत आहे. त्या दुपारी तो भडकला नाही. मी अगदी शांत होते. मनात म्हटलं, चिकटव म्हणाला ना, चिकटवते. सांगितलेलं काम जबाबदारीनं करते. मी त्याचं पत्र जसंच्या तसं चिकटवलं, चौकोनावर खूण केली आणि पाठवलं. तेच पत्र दुसऱ्या स्कूललाही. मग पंख्याची मोटर भरायला घेतली. तार एकदाही तुटली नाही.

पाच आठवडे काही आलं नाही. दादा मुलाखतीची तयारी करायचा, आरशासमोर, आंघोळ झाल्यावर. आई त्याला मधूनच विचारायची, "नवरीकडून निरोप?"

मग पहिल्या स्कूलचा मेल आला. तुमच्या दोन शिफारसपत्रांतला मजकूर जुळतो, त्यामुळे हा अर्ज आम्ही पुढे नेऊ शकत नाही. विचारणा सरांनाही गेली होती. सरांनी दादाला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि दहा जणांसमोर म्हणाले, मी विश्वासानं सही केली आणि तू माझं नाव घालवलंस. दुसऱ्या स्कूलनं कारणही दिलं नाही, दोन ओळींत नमस्कार.

त्यानं आईला नुसतं "नाही झालं" म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "तीन वर्षांनी नाही म्हणण्यापेक्षा आत्ताच म्हणाले ते बरं." मग मोरीत जाऊन तिनं बराच वेळ नळ सोडून ठेवला.

चार-पाच दिवस तो कॉलेजला गेला नाही. रविवारी आई बाहेर गेलेली असताना मी भाजी चिरत होते. तो येऊन खाली बसला, भिंतीला टेकून.

"दोन्हीकडे एकच वाक्य होतं," तो म्हणाला. "माझ्याच हातानं. दोन रात्री जागलो होतो, इकडचं उचलून तिकडे टाकलं आणि विसरलो. तू दोन्ही पत्रं बघितली होतीस ना?"

"हो."

मग त्यानंच मान हलवली. "जाऊ दे. तुला कुठून कळणार? इंग्रजी ते."

मला सुटायला वाट मिळाली होती. गप्प बसले असते तर आजही त्याला कळलं नसतं.

"कळलं होतं," मी म्हटलं. "पाठवायच्या आधीच. शेवटची दोन वाक्यं. आणि तिथं एक स्वल्पविरामही चुकलाय, दोन्हीकडे."

नळ टपकत होता. मला वाटलं तो मारेल. त्यानं मारलं असतं तर मीही मारलं असतं, आणि काहीतरी संपलं असतं.

"फळ्यासाठी?" त्यानं विचारलं. आवाज इतका बारीक की मला तो लहानपणीचा वाटला.

फळ्यासाठी नाही, असं म्हणायचं होतं. मग कशासाठी, ते मला जुळवता येईना. मी चिरलेलंच पुन्हा चिरत बसले. तो उठला आणि बाहेर गेला.

आता तो बोलतो. मीठ दे म्हणतो, दार लाव म्हणतो. निकालाआधीच त्यानं कारखान्यांत अर्ज करायला सुरुवात केली. साध्या नोकऱ्या, दुसऱ्या गावांतल्या. परवा जेवायच्या आधी तो असाच एक फॉर्म भरत होता. तुम्हाला ओळखणाऱ्या एकाचं नाव आणि फोन नंबर द्या, असं त्यात होतं. त्यानं मिस्त्रींचं नाव लिहिलं, दुकानाचा नंबर लिहिला, आणि लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाला, "या कारखान्यातून फोन आला तर तू उचलू नकोस. मिस्त्रींना उचलू दे."

"बरं," मी म्हटलं.