निकेतच्या नावाचं रक्त

"काकू, निकेतदादा कुठे आहेत? त्यांच्याशीच बोलायला हवं," शिवांगी म्हणाली. लेकाचं नाव ऐकताच हिरा पुढे सरकली.

"दर्यात गेलो आसा. माकाच सांग गो बाय. त्याची आवस मी."

विजयदुर्गातल्या समाजमंदिरात पंखा नुसताच गरगरत होता. मुंबईच्या संशोधकांबरोबर शिवांगी गेल्या महिन्यात इथेच येऊन साखरेच्या रोग्यांचं रक्त घेऊन गेली होती. रक्तात एक प्रथिन असतं, त्याचे तीन प्रकार, ते आईबापांकडून येतात. त्यातल्या एकाचा हृदयाच्या दुखण्याशी संबंध आहे का, हे त्यांना शोधायचं होतं. हिराने त्यातलं 'हृदय' तेवढं उचललं. तिचा नवरा सहदेव जाळं ओढताओढता होडीतच छाती धरून आडवा झाला होता. सासराही तसाच गेलेला. आणि आता निकेतला ऐन तिशीत साखर निघाली होती. पोरगा बापाच्याच वाटेने जाणार का, या एका प्रश्नाने तिची झोप उडवली होती. एवढी शिकलेली माणसं दारात आल्यावर तो विचारायचा नाही म्हणजे काय!

पण त्या दिवशी निकेत होडीवर होता. हिराने आपला सोपा मार्ग काढला. लिलावात शेजारीण नसली तर तिच्या नावाने मासळी हिराच घ्यायची. देवळात निकेतच्या नावाचं गाऱ्हाणं तीच घालून घ्यायची, आणि देवाने कधी 'तो कुठाय?' म्हणून विचारलं नव्हतं. तिने पहिल्या टेबलावर निकेतचं नाव सांगितलं, नाव चिकटवलेली नळी घेतली आणि पुढच्या टेबलावर स्वतःचा हात पुढे केला. गर्दीत कोणी हटकलं नाही. आईचं काय नि लेकाचं काय, रक्त एकच की!

"त्यांची साखर अगदी छान आलीय. गोळ्या वेळेवर घेत असणार," शिवांगी म्हणाली.

निकेतच्या गोळ्या खिडकीबाहेर माडाच्या मुळाशी जातात, हे हिराला पक्कं ठाऊक होतं.

"पण प्रकार 'दोन-दोन' निघालाय. त्यातला एक 'दोन' आईकडून, दुसरा वडिलांकडून. मधुमेहात हा प्रकार असला तर हृदयाचा त्रास जास्त होतो, असं काही ठिकाणी दिसलंय. काही ठिकाणी नाही दिसलं."

"म्हणजे धोको आसा की नाय?"

"तेच तर शोधतोय, काकू."

हिराला काही उमगेना. देव निदान उजवा नाहीतर डावा कौल देतो. ही माणसं मधेच लोंबकळत ठेवतात. आणि हे 'दोन-दोन' तर तिचं स्वतःचं! म्हणजे त्यातलं एक निकेतकडे हटकून गेलेलं. इतकी वर्षं ती सासरच्या घराण्याच्या नावाने बोटं मोडत आली होती. 'तुमच्या घराण्याची छातीच किडकी,' असं भांडणात सहदेवला तोंडावर बोलली होती. मग ती स्वतः मासळीची टोपली डोक्यावर घेऊन घाटीची चढण कशी चढते? साखर नाही म्हणून? आणि सहदेवने निकेतला काय दिलं? ते आता कोणाला विचारायचं?

"बाय, तां रगात त्याचां नाय. माझां," ती शेवटी म्हणाली.

शिवांगीने कपाळाला हात लावला. "अहो काकू! मग हे सगळं बाद करावं लागेल."

"कर. पण त्याचां घे."

दुपारी होडी लागली तशी हिराने निकेतला ओल्या पायांनीच खेचत आणलं. शिवांगीने त्याला सगळं नीट समजावलं. नक्की उत्तर मिळेलच असं नाही, हेही सांगितलं.

"आये, तुका याड लागलां काय गो? उत्तर नाय, तर रगात कित्याक दिवचां?"

"माझ्यासाठी दी रे."

निकेतने आईकडे पाहिलं, मग बाही वर करून हात पुढे केला. नळीत रक्त चढू लागलं. हिरा खाली वाकली.

"बाय, ह्यातलां माझां खंयचां आणि त्याच्या बापाशीचां खंयचां?"

"असं डोळ्यांनी दिसत नाही, काकू."

हिराने मान डोलावली, पण नजर काही नळीवरून काढली नाही. सहदेव गेल्यापासून त्याचं म्हणून इतकं जवळून तिला काहीच बघायला मिळालं नव्हतं.